देवाच्या यादीत महाबळेश्वर

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस माझा फोन जास्त वाजतो. सोयाबीनची रास झालेली असते, माल लातूरच्या अडतीत पडून पट्टी हातात आलेली असते, हरभऱ्याची पेरणी उरकलेली असते नाहीतर उरकायच्या बेतात असते. फोनवर बहुतेक घरातले थोरले असतात. "तुळजापूर, पंढरपूर करायचंय. बारा मंडळी हाईत, क्रूझर लागंल. काय घ्याल?" दिवस किती, असं मी विचारतो. "पाच धरा." औशाहून तुळजापूर-पंढरपूरला पाच दिवस लागत नाहीत हे त्यांना ठाऊक असतं, मलाही. मी गप्प राहतो. मग आवाज जरा खाली येतो. "जमलंच तर तसंच पुढं महाबळेश्वर. पोरं मागं लागलीत."

नवा होतो तेव्हा मला याचं हसू यायचं. आता येत नाही. ज्या घरात म्हातारी अजून साखरेचा डबा स्वतःच्या हातानं उघडते, तिथं नुसते डोंगर बघायला पैसे घालवायचे तर आधी कुणाला तरी पटवावं लागतं. देवाचं नाव घेतलं की पटवावं लागत नाही. माझ्या वहीत कित्येक सहली 'देवदर्शन' म्हणूनच लिहिलेल्या आहेत आणि त्यांतलं अर्धं डिझेल घाटात जळालेलं आहे.

भाड्याचा हिशेब सोपा असतो. किलोमीटरला ठरलेला दर, गाडी दिवसभर उभी राहिली तरी रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरायचे, टोल-पार्किंग गिऱ्हाइकाचं, रात्रीचा भत्ता वेगळा. अवघड असतो तो सोयाबीनचा हिशेब. २०२१च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं, पण त्या वेळी माल कुणाच्या घरात होता? नवी रास बाजारात आली तोवर भाव निम्म्याच्या आसपास उतरला. २०२४ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागत होतं. असल्या वर्षी पाच दिवसांची सहल तीन दिवसांची होते. तुळजापूर राहतं, पंढरपूर राहतं. गळतो तो डोंगर.

पहाटे चारला निघायचं ठरलेलं असतं. बायका दोनलाच उठलेल्या असतात. धपाटे, शेंगांची चटणी, दशम्या, ठेचा, दह्याचा डबा. पाच दिवसांतल्या पहिल्या दोन दिवसांचं जेवण गाडीत आधी चढतं, माणसं नंतर. तुळजापूरचा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१, तुळजापूरला सुरू होऊन औसा, लातूर, नांदेड करत वर्ध्याच्या पुढं जाणारा. पूर्वी या रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागं रांगत जावं लागायचं, आता उजनी कधी येते ते कळत नाही. उजनी म्हणजे आमच्याच तालुक्यातली, बासुंदीची. धरणाची उजनी वेगळी. पहिल्या दिवशी मोठा घाट नसल्यामुळं बासुंदीला माझी ना नसते. वाईच्या आदल्या रात्री मात्र मी दुधाचं काही खाऊ देत नाही. कारण पुढं येईल.

तुळजापूर आणि पंढरपूर यांविषयी मी लिहीत बसत नाही. वाचणाऱ्यांनी ती दोन्ही ठिकाणं माझ्याहून जास्त वेळा आणि जास्त आतून बघितलेली असणार. मी बहुतेक वेळा वाहनतळावरच असतो. एवढंच सांगतो, की पंढरपूरहून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं की गाडीतला आवाज बदलतो. देवाचं काम झालेलं असतं. म्हातारी माणसं निवांत होतात, पोरं मोबाईलवर गाणी लावायला मागतात, आणि ज्यांनी फोनवर 'जमलंच तर' म्हटलेलं असतं तेच विचारतात, "महाबळेश्वर किती वाजता येईल?"

पालखीमार्ग आता रुंद झालाय. माळशिरस, नातेपुते, फलटण. नातेपुत्याच्या पुढं डाव्या हाताला शिखर शिंगणापूरचे डोंगर दिसायला लागतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "हेच का महाबळेश्वर?" आमचं औसा काही खोलात नाही, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. पण बालाघाटच्या पठारावर राहणाऱ्याला आपण उंचावर आहोत हे कळायला काही खूण नसते. किल्लासुद्धा भुईकोट. खंदक उतरून जायचं, चढायचं नाही. त्यामुळं उभा कातळ पहिल्यांदा दिसतो तो फलटण सोडून आदर्कीचा छोटा घाट चढताना, आणि मग वाईला.

वाईला मी गाडी थांबवतो. चहासाठी म्हणून, पण खरं काम वेगळं असतं. क्रूझरमध्ये बसायची एक रीत आपोआप पडलेली असते. पुढं, माझ्या शेजारी, घरातले थोरले. मधल्या बाकावर म्हातारी, लेक-जावई असले तर ते. आणि मागं, समोरासमोरच्या आडव्या बाकड्यांवर, पोरं आणि सुना. ही रीत सपाट रस्त्यावर चालून जाते. घाटात नाही. आडवं बसून वळणं घेतली की पोटातलं ढवळतं, त्यात खिडकी लहान, त्यात मांडीवर पोर. ज्यांना सगळ्यांत जास्त मळमळतं त्यांनाच आपण सगळ्यांत वाईट जागी बसवलेलं असतं, आणि ज्यांना काहीच होत नाही ते पुढं ऐसपैस बसून डुलक्या घेतात.

म्हणून वाईला मी सांगतो, "आप्पा, आता तुम्ही मागं बसा. वहिनींना पुढं येऊ द्या." आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकानं मला सरळ विचारलं होतं, "गाडी कुणाच्या पैशानं चाललीय?" मी म्हटलं, "पैसे तुमचे, पण घाटात गाडीचं ऐकावं लागतं. मागं कुणी ओकलं तर गाडी धुवायला मला अर्धा दिवस जाईल, तुमचं महाबळेश्वर जाईल." हे लगेच पटतं. मानाचा मुद्दा काढला असता तर पटलं नसतं.

वाईहून पाचगणीपर्यंतचा पसरणीचा घाट दहा-बारा किलोमीटरचा. वळणं मोठी, रस्ता चांगला, नव्या माणसाला सोसवणारा. वर चढत गेलं की खाली धोम धरणाचं पाणी उघडं पडतं. पुढं बसलेली सून तोवर काही बोललेली नसते. लग्न होऊन आठ-दहा वर्षं झालेली, सहलीला याआधीही आलेली, पण गाडीची समोरची काच तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेली असते. एक जण हळूच म्हणाली, "हे समदं पाणीच हाय का हो?" मी हो म्हटलं. तिनं मागं वळून सासूला सांगितलं, "आत्याबाई, बघा की, पाणी." सासू म्हणाली, "बघालाव, बघालाव," पण तिच्या बाजूच्या खिडकीतून फक्त डोंगराची कड दिसत होती.

पाण्यावरून आमच्याकडची माणसं जरा जास्तच बोलतात, असं बाहेरच्यांना वाटत असेल. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ते पाणी कृष्णेचं. कृष्णा निघते जुन्या महाबळेश्वरात. आमच्याकडं पाऊस चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरात पाच हजारांच्या पुढं. शाळेत हे आकडे पाठ केलेले असतात, पण पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पडणारी धार बघताना माणूस गप्प होतो. एक आजोबा रिकामी बाटली घेऊन उभे होते. मला म्हणाले, "रेल्वेनं आलतं ते हेच का?" मी म्हटलं, "हेच, खाली मिरजेतून." त्यांनी बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "मग एवढ्या लांबून आणायचं तर ह्याला नळ का लावत न्हाईत?" याचं उत्तर मंत्रालयात असेल, माझ्याकडं नाही. पण प्रश्न चांगला होता.

महाबळेश्वरातले ते पॉइंट मला फारसे आवडत नाहीत, हे सांगून टाकतो. वर जाऊन रेलिंगला टेकायचं, फोटो काढायचे, मक्याचं कणीस खायचं, पुढच्या पॉइंटला पळायचं. दिवाळीत स्ट्रॉबेरीचा खरा हंगाम लागलेला नसतो, तो पुढं थंडीत. तरी प्रत्येक पाटीवर लाल चित्र असतं आणि पेल्यात पाक असतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, दोनच ठिकाणं बघा, पण तासभर बसा. कुणी ऐकत नाही. यादी पूर्ण झाली पाहिजे, शेजाऱ्यांनी बघितलेलं एकही सुटता कामा नये.

मुक्कामाचं एक सांगायचं राहिलं. किल्लारीकडची एक म्हातारी होती. लॉजवर दुसऱ्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. ती जिन्याशीच थांबली. गुडघे दुखतात म्हणून असेल असं लॉजवाल्याला वाटलं, तो म्हणाला, "आजी, दहाच पायऱ्या आहेत." तिनं काही कारण सांगितलं नाही, फक्त "मला खालीच द्या" म्हणाली. घरच्यांना माहीत होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी होती, आदल्या रात्री गणपती बुडवून गाव झोपलं होतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात, त्या पहाटेच्या भूकंपानंतर गावाची जागाच बदलली. लॉजवाला कुरकुरला, पण खाली वाहनतळाला लागून एक खोली मोकळी होती, ती तिला मिळाली. दार उघडं ठेवूनच झोपेन, असं तिनं बजावलं. महाबळेश्वरच्या नोव्हेंबरातल्या थंडीत.

तिसऱ्या दिवशी प्रतापगड. एका पोरानं, चौथीत होता, इतिहासात तोच धडा नुकताच झालेला, मागून ओरडून सांगितलं, "आपण अफझलखानाच्या वाटेनं आलाव!" म्हातारी खेकसली, "गप. नाव काढू नको सकाळी सकाळी." पण पोरगं बरोबर बोललं होतं. खान तुळजापूर, पंढरपूर करत आला असं बखरी सांगतात. वाईचा तो सुभेदार, वाईला त्याचा तळ पडला, आणि १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली मारला गेला. आमची देवदर्शनाची वाट जवळजवळ तीच. मी इतकी वर्षं या रस्त्यानं गाडी नेतोय, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. गडावर शिवाजी महाराजांनी बसवलेली भवानी आहे. ते बघून म्हातारी माणसं निर्धास्त होतात. म्हणजे महाबळेश्वराला शंकर, प्रतापगडाला भवानी, पंचगंगेला नद्या. देवाच्या नावानं निघालं तर डोंगरातसुद्धा देव चुकत नाही, आणि घरी गेल्यावर कुणाला काही लपवावं लागत नाही.

प्रतापगडाच्या फाट्यावरून खाली आंबेनळी घाट पोलादपूरला उतरतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि मधे चाळीसेक किलोमीटर. एवढी उंची एका दमात सोडायची. इथं मी गाणी बंद करतो आणि कुणाला बोलू देत नाही. सपाटीवरचा चालक घाटात एकच गोष्ट करतो, ब्रेकवर पाय ठेवून बसतो. ब्रेक तापतात, लायनरचा जळका वास सुटतो, आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. उतार ब्रेकनं नाही, गिअरनं उतरायचा असतो. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये गाडी उतरवायची, इंजिनला तिला धरून ठेवू द्यायचं, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. आणि चढणाऱ्याला आधी वाट, हे नियमातच आहे, उतरणाऱ्यानं थांबायचं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गाड्यांना हे सांगायला कुणी नसतं, त्या हॉर्न वाजवत अंगावर येतात. याच घाटात २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली. तीस माणसं गेली. तीही महाबळेश्वरलाच निघाली होती. तिथून जाताना मी हे गाडीत सांगत नाही, पण माझ्या मनात ते असतंच.

एका घरचा जावई इटलीत नोकरीला होता, सुटीत आलेला. या घाटात मी त्याला पुढं बसवलं होतं कारण त्याला वळणांची सवय होती. बायको-पोराला घेऊन तो तिकडं भाड्याच्या गाडीनं हिंडला होता. मिलानहून कोमोच्या तळ्यावरून बोर्मिओ, मग आल्प्स ओलांडून बोल्झानो, व्हेरोना, व्हेनिस. बोर्मिओहून वर स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, २,७५७ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वराच्या दुप्पट. रस्ता १८२०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या राज्यात बांधलेला. पलीकडच्या अंगाला अठ्ठेचाळीस वळणं, आणि प्रत्येक वळणाला नंबर. मला ते नंबर फार आवडले. आंबेनळीत गाडी बंद पडली तर फोनवर काय सांगायचं? "एक मोठं झाड आहे, पुढं दरड आहे." सगळीकडंच झाड आणि दरड आहे. सतराव्या वळणावर उभा आहे, एवढं सांगता आलं असतं तर क्रेनवाला नीट आला असता. पाटी आणि रंग एवढाच खर्च.

शहरांबद्दल त्यानं सांगितलं की जुन्या पेठेत पाहुण्याची गाडी आत नेता येत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. त्याला दोनदा आला होता. मी म्हटलं, हे पंढरपुरात आणा. पण त्याच्या बोलण्यातली मला सगळ्यांत लागलेली गोष्ट वेगळीच होती. तिकडं नऊपेक्षा जास्त माणसांच्या भाड्याच्या गाडीवर चालकाला साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि थांबला की नाही ते गाडीतलं यंत्र लिहून ठेवतं. माझी क्रूझर त्या मापात बसली असती. मी विचारलं, "आणि गिऱ्हाईक ऐकून घेतं?" तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला विचारतंय कोण?"

आपल्याकडं कायदा नव्हता असं नाही. २०२५पर्यंत १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. औशात ज्याची एक गाडी आणि तीही स्वतःच चालवायची, त्याचे तास गिऱ्हाईक ठरवतं.

कोकणाचं थोडक्यात सांगतो. रायगडाला रोपवे, हरिहरेश्वराला समुद्र. म्हाताऱ्या नऊवारीसकट पाण्यात उतरतात आणि तास दोन तास कुणाचं ऐकत नाहीत. मग माणगावहून ताम्हिणी घाट चढून पुणे. आणि पुण्यात, शेवटच्या संध्याकाळी, दर सहलीत एक वाक्य येतं. "रातचं निघू. सकाळी घरी. लॉजचं भाडं वाचंल."

पुणे ते औसा साडेतीनशे किलोमीटर. दिवसभर ताम्हिणीतून आलेला चालक, रात्री दहाला जेवून निघणार. इंदापूरपर्यंत गाडीत गप्पा असतात. टेंभुर्णीला सगळे झोपलेले असतात. बार्शी ते येडशी, मुरूडपर्यंत रस्त्यावर मी, ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या, ज्यांच्या मागं कधी कधी लाल कापडसुद्धा नसतं. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे असून दिसत नाही अशी एक अवस्था येते. ज्यांनी रात्री गाडी हाकली आहे त्यांना ती सांगावी लागत नाही. ज्यांनी नाही त्यांना सांगून कळत नाही. तोंडात तंबाखू, खिडकी उघडी, पाण्याचा हबका, सगळे उपाय पाच-दहा मिनिटांचे. मी आता ही रात्र घेत नाही. भाडं ठरतानाच सांगतो, रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी उभी. त्यामुळं काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं गेली. जाऊ देत.

ही रात्र इतकी जड का होते, त्याचं मूळ मात्र आधीच्या रात्रींत असतं. चांगलं घरंदाज कुटुंब, मला जेवायला शेजारी बसवणारं, धपाट्याचा पहिला तुकडा मला देणारं. पण लॉजमध्ये खोल्या घेताना बारा माणसांच्या घेतात. तेरावा गाडीत झोपतो. महाबळेश्वरात काचा बंद केल्या तर श्वास कोंडतो, उघडल्या तर थंडी. कोकणात डास. काही मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, आम्ही परवडतो त्या लॉजांत बहुतेक नसते. यात कुणाचा दुष्टावा नाही. चालक कुठं झोपतो हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण सकाळी सहाला तो तोंड धुऊन गाडी पुसत उभा दिसतो. आणि मग त्याच माणसाच्या हातात आंबेनळीचा उतार द्यायचा असतो.

तुम्ही यंदा घरची मंडळी घेऊन निघणार असाल तर लॉज ठरवताना फोनवर एवढं विचाराच, चालकाला पाठ टेकायला जागा आहे का. साधी गादी, पांघरूण, बंद होणारं दार, पुष्कळ झालं. नाही म्हणाले तर दुसरा लॉज बघा, किंवा पोरांची एक गादी कमी करून त्याला खोलीत घ्या.